दोरीचं दुसरं टोक

एल्डन कुचेरा आमच्या वेलबर्न गावात चौतीस वर्षं रेषा मारत होता. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर शुक्रवारी एकवीस आडव्या रेषा, दोन लांबलचक कडेच्या, मध्ये छोट्या छोट्या खुणांची रांग आणि भल्यामोठ्या आकड्यांचे साचे. शनिवारी बावीस दांडगी पोरं त्यावर लोळायची आणि संध्याकाळपर्यंत एल्डनच्या आठवड्याची रांगोळी पार पुसून टाकायची. पुढच्या शुक्रवारी हा पुन्हा पहिल्या रेषेपासून सुरू.

शुक्रवारी दुपारी तो डार्लाच्या कॅफेत जेवायला यायचा तेव्हा दारापासून कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पांढरी पावलं उमटायची. लक्ष्मी आल्यासारखी, फक्त अकरा नंबरची. डार्ला दर शुक्रवारी ओरडायची, "एल्डन, दारात पायपुसणं आहे!" आणि एल्डन दर शुक्रवारी मागे वळून त्या पायपुसण्याकडे असं बघायचा की जणू ते आजच तिथे टाकलंय. गावात कॅलेंडरची फारशी गरज नव्हती. पावलं दिसली की उद्या शनिवार.

रेष सरळ येण्यासाठी दोरी ताणावी लागते. मैदान एकशेसाठ फूट रुंद. म्हणजे या टोकाला एक माणूस हवा आणि त्या टोकाला एक. कॉलेज त्याला मदतीला कोणी ना कोणी द्यायचं, पण ती मदत दोन शुक्रवार टिकायची. मग एल्डनने जुन्या रेल्वेमार्गातला एक वीतभर लांब जाड खिळा शोधून काढला. दोरीचं दुसरं टोक त्याला बांधायचं, खिळा कडेला ठोकायचा, चालत इकडे यायचं, रेष मारायची, चालत तिकडे जायचं, खिळा उपटायचा. खिळ्याचं नाव त्याने ओटो ठेवलं होतं.

"ओटो कधी आजारी पडत नाही," तो म्हणायचा. "आणि फोनवर बोलत नाही."

बायको फार पूर्वी ओमाहाला निघून गेली होती. भांडण वगैरे काही नाही. शनिवार कधीच मोकळा नसलेल्या माणसाशी संसार करता येत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि एल्डनला ते पटलं होतं. पण पटलं तेव्हा सप्टेंबर महिना होता, फुटबॉलचा हंगाम नुकताच सुरू झालेला.

मग एक दिवस कॉलेजने प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. रेषा कारखान्यातूनच विणून आलेल्या. आकडेसुद्धा. निरोपसमारंभात अध्यक्षांनी एल्डनला सुबक लाकडी चौकटीत बसवलेला त्याच गवताचा एक चौकोन दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्डनने घरी आल्यावर चौकट काढली आणि तो चौकोन दारात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो पायपुसण्याला पाय पुसायला लागला.

मी त्याच्या शेजारचा. गावातलं औषधाचं दुकान माझं. सव्वीस वर्षं झाली, पण एल्डनने मला नावाने कधी हाक मारली नाही. माझं नाव त्याच्या जिभेवर बसत नव्हतं आणि ते चुकीचं घेणं त्याला अपमानाचं वाटायचं. त्यामुळे मी 'शेजारी'.

निवृत्तीनंतरच्या जानेवारीत एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात अंधार झाला. पडदा सरकवला तर खिडकीभर पिवळट पत्रा. एल्डनने आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, आणली होती. सत्तावीस फूट लांब, पंचवीस वर्षं जुनी, आत दोन शेगड्या, एक पलंग, एक लंगडं टेबल आणि ज्यात फक्त कॅसेट वाजते असा रेडिओ.

"काय शेजारी! कशी आहे?"

"माझा सूर्य गेला."

"ऑगस्टपर्यंतच. मग मी निघालो."

बेत असा होता. चौतीस वर्षांत एल्डनने आपल्या सारसांचा, म्हणजे कॉलेजच्या टीमचा, गावाबाहेरचा एकही सामना पाहिला नव्हता. टीम बाहेर गेली की हा इथे गवताची मलमपट्टी करत बसायचा. आता लीगमध्ये खऱ्या गवताची चारच मैदानं उरली होती: मिझुरीत एक, दक्षिण डकोटात एक, कॅन्ससमध्ये एक आणि सगळ्यात लांब ओक्लाहोमात हॅस्केट नावाच्या गावी ड्रिलर्स या टीमचं. तिथेही प्लॅस्टिकचे गालिचे येण्याआधी ती बघून घ्यायची. सामना हे निमित्त. त्याला दुसऱ्यांच्या रेषा बघायच्या होत्या.

आणि त्या कोणाबरोबर तरी बघायच्या होत्या. हे तो बोलला नाही. पण गॅरेजच्या भिंतीवर त्याने चार राज्यांचा नकाशा लावला, खिळे ठोकून दोऱ्या ताणल्या आणि खाली चार चौकोन आखले. अर्थातच सरळ. प्रत्येक चौकोनात तारीख, गाव आणि पेन्सिलीने एक नाव.

नावं कॅफेत गोळा झाली. जानेवारीतली दुपार, बाहेर बर्फ, आत तिखट चिलीचे, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाचे, वाडगे आणि शेजारी दालचिनीचे गोड रोल. वेंडेल ह्रुस्का, जो धान्याचं कोठार सांभाळतो आणि शाळेपासून एल्डनचा मित्र आहे, रोल चिलीत बुडवत म्हणाला, "गवत बघायला सहाशे मैल? माझ्या परसात ये की. गुडघाभर आहे."

"बघितलंय मी तुझं परस. त्याला पाणी नको, पाद्री बोलाव."

"बरं, मिझुरीला येतो मी. वाटेत बार्बेक्यू चांगलं मिळतं."

"खरंच येशील?"

"बघू की. जमवूया."

एल्डनने खिशातून पेन्सिल काढली. त्याची बहीण मार्सीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ती म्हणाली, "डकोटा मला आवडेल हं. बघू." पेन्सिल. डार्ला काउंटरमागून म्हणाली, "कॅन्सस माझं! कित्येक वर्षांत या काउंटरच्या बाहेर पडले नाही मी. आपल्या दोघांबद्दल लोक बोलतील, एल्डन."

"काय बोलतील?"

"की डार्लाने शेवटी त्याचे पाय पुसले."

सगळे हसले. एल्डन हसला, कानापर्यंत लाल झाला, आणि तिचं नाव लिहिताना त्याने पेन्सिलीचं टोक मोडलं.

"आणि शेजारी, ओक्लाहोमा तुझं. तू खाली गाडीने ये, येताना आपण दोघं आरव्हीतून सावकाश येऊ. तुझी गाडी मागे ओढत आणू."

"वा! नक्की," मी म्हणालो.

आमच्या गावात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. 'बघू की' म्हणजे नाही, 'जमवूया' म्हणजे अजिबात नाही, आणि 'नक्की' म्हणजे विषय बदला. हे पोरंटोरं चालायच्या आधी शिकतात. मला शिकायला तीन वर्षं लागली. एल्डन जन्मापासून इथलाच, तरी त्याला हे शिकता आलं नव्हतं. आयुष्यभर तो दोरी बघत आला होता. ती एक तर ताणलेली असते, नाहीतर नसते.

राहता राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. जानेवारीत ते आलेलं नसतं, पण स्टेडियमजवळच्या आरव्हीच्या जागा तर तेव्हाच घ्याव्या लागतात. एल्डनला वेळापत्रक लागतच नव्हतं. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला लागत नाही. सम वर्षी आपण त्यांच्याकडे, विषम वर्षी ते आपल्याकडे. ऋतू बदलतील, हे बदलणार नाही. यंदाचं वर्ष सम. झालं.

फक्त त्या वसंतात लीगमध्ये एक नवं कॉलेज आलं, आणि त्याला जागा करून देताना दोन सामन्यांची दिशा उलटी झाली. एल्डनचे पहिले तीन जसेच्या तसे राहिले. चौथा फिरला. हॅस्केटचे ड्रिलर्स यंदा आमच्याकडे येणार होते.

हे गुपित नव्हतं. ऑगस्टमध्ये खिशात मावणारी वेळापत्रकाची कार्डं छापून आली आणि गठ्ठा माझ्या काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांशेजारी राहिला. एल्डनला मी एक दिलंसुद्धा. "मला पाठ आहे," तो म्हणाला. पण मी दिलेलं परत कसं करायचं, म्हणून घेतलं, दोनदा दुमडलं आणि आरव्हीतल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल अगदी समतल झालं.

त्याच आठवड्यात त्याने खात्रीसाठी हॅस्केटला फोन लावला. पार्किंग सांभाळणारी बाई दिलखुलास निघाली.

"पहिल्या रांगेतली जागा मिळेल का?" याने भीत भीत विचारलं.

"राजा, हवी ती रांग घे!"

"ऐकलंस शेजारी? ओक्लाहोमाची माणसं किती मोकळी!"

सप्टेंबरमध्ये तो निघायच्या आदल्या दिवशी वेंडेल आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला. मका यंदा लवकर वाळलाय, ट्रकांची रांग लागलीय. "हो हो, कळतं की," एल्डन म्हणाला. मिझुरीला तो एकटा गेला. दोन आठवड्यांनी मार्सीनचं कळलं: रविवारी सकाळी ऑर्गन वाजवायला दुसरं कोणी नाही. डकोटा एकटाच. डार्लाने कॅन्ससच्या आधी कोलाचेंचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, मोठं खोकं भरून दिलं, जर्दाळूचे आणि खसखशीचे. खोकं पुढ्यात ठेवलं तेव्हाच त्याला समजलं की ती येत नाही. येणाऱ्या माणसाच्या हातात बॅग असते.

कारणं सगळी खरी होती. शरदातला शनिवार आमच्या गावात कोणाचाच मोकळा नसतो. हे आम्हाला जानेवारीतही माहीत होतं.

कॅन्ससच्या मैदानावर आमच्या बँडचे मास्तर त्याला भेटले. "पुढच्या शनिवारी भेटू, एल्डन!" "भेटू!" हा म्हणाला. दोघांच्याही मनात काही शंका नव्हती. फक्त गावं वेगळी होती. तिथून घरी न येता तो परस्पर दक्षिणेला गेला आणि हॅस्केटच्या अलीकडे एका तलावावर चार दिवस मासे धरत बसला.

त्या रविवारी मी त्याला फोन केला.

"एल्डन, या आठवड्यात फ्लूच्या लसींना फार गर्दी आहे रे. मला वाटतं, माझं काही…"

"हो हो. काम आधी."

"फार वाईट वाटतंय."

"छे छे. तुझ्या जागेवरून मी खोकं हलवलंय पण. विचार बदललाच तर."

आता खरं सांगायचं तर लसी टोचायला एक बाई कधीच ठरवून ठेवल्या होत्या. मला दोन दिवस गवतावर गप्पा मारायची भीती वाटली, एवढंच. मी फोन ठेवला आणि हलकं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी दुपारी जेवून दुकानात परतलो तर दारात नारिंगी टोपी घातलेला एक अगडबंब गृहस्थ पोट धरून उभा.

"पित्तावर काही आहे का हो? चिलीत गोड रोल बुडवून खातात तुमच्याकडे? कायद्याने परवानगी आहे याला?"

"आहे. कुठून आलात?"

"हॅस्केट, ओक्लाहोमा! आज तुमच्या सारसांची पिसं काढणार आम्ही. तीन बसगाड्या भरून आलोय."

माझा हात बाटलीवर तसाच राहिला. "आज तुमचा सामना… इथे?"

"नाहीतर काय, मी पोटदुखीसाठी सहाशे मैल आलो?"

काउंटरवरच्या गठ्ठ्यातलं कार्ड मी उचललं. दोन महिने ते माझ्या कोपराशी होतं. पाचवी ओळ: हॅस्केट, घरच्या मैदानावर. आणि मग एकदम लक्षात आलं की चार माणसं चार गावांना जाणार म्हणून आठ महिने भिंतीवर टांगलेली होती, आणि त्यातल्या एकानेही ते कार्ड वाचलं नव्हतं. खरंच जाणारा माणूस तारीख बघतो. एल्डनची चूक पकडायला गावात एकही माणूस खरंच निघालेला नव्हता.

मी मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय शेजारी!"

"एल्डन, अरे, सामना…"

"तिकडे आहे. कळलं मला."

"कधी?"

"काल. गुरुवारी पोचलो तर अख्खं पार्किंग रिकामं. म्हटलं, वा, आपणच पहिले. खुर्ची टाकून बसलो. शुक्रवारी सकाळी त्यांच्या टीमची बस समोरून गेली. मी हात हलवला. पोरांनीही हलवला. म्हटलं, सरावाला निघाली असतील. चांगली पोरं आहेत."

"मग कालच फोन नाही का करायचा?"

"कोणाला?"

टोमणा नव्हता तो. एल्डनला टोमणे मारता येत नाहीत. त्याने खरंच विचारलं होतं.

एवढ्यात तीन गल्ल्या पलीकडून स्टेडियमचा गलका उठला आणि उघड्या दारातून आत आला.

"हा आपला आवाज नाही," फोनमधून एल्डन म्हणाला. "आपला लांबतो. हा तुटला. त्यांनी टचडाउन केला, सहा गुण."

"तू ऐकलंस?"

"हो. उजवीकडच्या टोकाला."

मग त्याने सांगितलं. बस गेल्यावर पाण्याचा पाइप ओढत एक माणूस आला. कॉर्डेल वायली, तिथला रेषा मारणारा. त्याने विचारलं, "काय हो, हरवलात का?" एल्डन म्हणाला, "हो, एक वर्षाने." कॉर्डेलने त्याला मैदान उघडून दिलं. सामना नाही म्हणून गवत ताजं कापलेलं आणि एकही रेष नाही. एल्डनने आयुष्यात एवढं कोरं मैदान ऑक्टोबरमध्ये पाहिलं नव्हतं.

"मी काय बघत बसलो, ते विचार ना."

"काय बघत बसलास?"

"काहीच नाही ना तिथे, शेजारी. तेच."

कॉर्डेललाही मदतीला कोणी नव्हतं. तो दोरी एका मोडक्या स्क्रूड्रायव्हरला बांधायचा. एल्डनने आरव्हीतून ओटोला आणून दाखवलं. दोघांनी दोन्ही वस्तू हातात तोलून बघितल्या. पुढच्या वर्षी हॅस्केटलाही गालिचा येणार, कॉर्डेलने सांगितलं. मग शनिवारी सकाळी, का कोणास ठाऊक, त्यांनी मध्यावरची एक रेष मारायची ठरवली. कॉर्डेलने त्या कडेला दोरी धरली, एल्डनने या कडेला.

"दोरी दुसऱ्या बाजूने ओढली जाते, माहितीय? माणसाने धरली की. खिळा ओढत नाही. चौतीस वर्षं मी सगळा ताण एकट्यानेच देत होतो, मला वाटलं दोरीच तशी असते."

"मग आता कॉर्डेल आहे का तिथे?"

"गेला. त्याच्या नातीचं लग्न आहे आज. अकराला गेला." मागे कुठेतरी पाण्याचं कारंजं फिरत असल्याचा आवाज येत होता. "मी बसलोय रेषेपाशी. वाळू देतोय तिला."

आमचे सारस त्या दिवशी हरले. एल्डनने फोनवरूनच सांगितलं होतं की ते हरणार.

मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा अंधार झाला. मी डार्लाकडून कोलाचे घेतले आणि गेलो. गॅरेजमधला नकाशा उतरवून गुंडाळलेला होता. भिंतीवर चार चौकोन तेवढे उरले होते. तीन खोडरबराने स्वच्छ पुसलेले. चौथ्यात 'शेजारी' तसंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याने तेही पुसलं, रागाने नाही, कामाचा भाग म्हणून, आणि रबराची पूड फुंकून टाकली.

"एल्डन," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मी येणार. कुठेही. दुकानाची सोय आत्ताच करून ठेवतो. कार्ड आलं की पहिली तारीख मी बघतो."

त्याने माझ्याकडे प्रेमाने बघितलं. त्यात काही खोट नव्हती.

"बघू की, शेजारी," तो म्हणाला. "जमवूया."

सव्वीस वर्षं मी या गावात राहतोय. मला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको होता.

परसात त्याने धुतलेली दोरी उन्हात ताणून वाळत घातली होती. एक टोक आरव्हीच्या दाराला, दुसरं गवतात ठोकलेल्या ओटोला. संध्याकाळ होत आली तसा तो दोरी गुंडाळायला निघाला. मी घाईघाईने त्या टोकाशी गेलो आणि ओटोला उपटायला वाकलो. खिळा खोल गेला होता. हलेना.

"असू दे, असू दे," एल्डन पलीकडून म्हणाला. "मी येतो तिकडे. मला सवय आहे."

आणि दोरी हातावर गुंडाळत तो सावकाश माझ्याकडे चालत आला.